चौदा तत्त्वं पाठ आहेत, पण दुसरा भुईकाटा घ्यायचा का?

'फेयोलची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं स्पष्ट करा.' नाशिकच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात हा प्रश्न टाका, शेवटच्या बाकावरचं पोरगंसुद्धा दीड पान भरून देईल. मॅस्लोचा गरजांचा त्रिकोण पट्टीने आखेल, नेतृत्वाचे प्रकार मांडेल, स्वॉटचे (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके) चार चौकोन काढेल. मॅनेजमेंट हा मुलांच्या भाषेत 'स्कोअरिंग' विषय. आदल्या रात्री लोकल ऑथरचं पुस्तक उघडायचं, ठळक अक्षरांतले शब्द डोक्यात कोंबायचे आणि सकाळी ते पेपरात ओतायचे. गणिताच्या एम-थ्री पेपरात नापास होऊन केटी बसलेला मुलगाही इथे सहज साठच्या वर जातो. हा विषय सध्या ज्या रूपात शिकवला जातो, त्याविरुद्धचा माझा पहिला पुरावा हाच.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात उत्पादन नियोजन बघतो आणि अधूनमधून प्रोजेक्टच्या ओरलला बाहेरचा परीक्षक म्हणून जातो. नव्याने रुजू होणारी मुलं हुशार असतात. सॉलिडवर्क्स येतं, पायथन येतं, ड्रॉइंग वाचता येतं. पण 'आठ जॉब आहेत, प्रत्येकाला आधी सीएनसी मशिनवर आणि मग ग्राइंडिंगच्या मशिनवर जायचंय, कुठला आधी लावू?' असं विचारलं की एकमेकांकडे बघतात. हा प्रश्न सातपूर-अंबडच्या शेडमध्ये रोज सकाळी पडतो. सगळे जॉब लवकरात लवकर संपवायचे तर त्याचं उत्तर जॉन्सन नावाच्या गणितज्ञाने 1954 मध्येच देऊन ठेवलंय. सगळ्या वेळांतली सर्वांत लहान वेळ शोधा. ती पहिल्या मशिनची असेल तर तो जॉब रांगेत सर्वांत पुढे, दुसऱ्या मशिनची असेल तर सर्वांत मागे. तो जॉब बाजूला काढा आणि उरलेल्यांना हेच करा. झालं. दहावीच्या मुलाला अर्ध्या तासात समजेल असा हा नियम, आणि चार वर्षांच्या पदवीत बहुतेकांना हा अर्धा तास मिळत नाही.

माझं म्हणणं असं की अभियांत्रिकीच्या प्रत्येक शाखेला, तिसऱ्या वर्षी, व्यवस्थापनशास्त्राचा एक सक्तीचा विषय असावा आणि तो निर्णयाच्या गणिताचा असावा. रांगा, साठा, वाटप, वेळापत्रक आणि या सगळ्यांत घुसलेली अनिश्चितता. त्यासाठी नवी जागा शोधायला नको. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थेच्या 2018 च्या नमुना अभ्यासक्रमात 160 क्रेडिटपैकी 12 मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं आणि व्यवस्थापन यांच्यासाठी राखलेले आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानंतरच्या आराखड्यांतही उद्योजकता-अर्थशास्त्र-व्यवस्थापन असा कप्पा आहेच. कप्पा आहे, त्यात भरलं काय जातं हा वाद आहे. ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे हेच निर्णयाचं गणित, कुठे तरी निवडक विषय म्हणून मेकॅनिकलच्या वाट्याला येतो, तोही शेवटच्या वर्षी, प्लेसमेंटच्या धामधुमीत. सिव्हिलला सीपीएम आणि पर्ट ही प्रकल्पाच्या वेळापत्रकाची तंत्रं भेटतात. कॉम्प्युटरच्या मुलांना स्टार्टअपवर भाषणं मिळतात.

'हे एमबीएवाल्यांचं काम' हा आक्षेप स्टाफरूममध्ये हमखास येतो. त्यावर थोडा इतिहास. फेयोल खाण अभियंता होता. व्यवस्थापनशास्त्राचे आद्य मानकरी टेलर आणि गँट मेकॅनिकलचे. साठा किती ठेवावा याचं सूत्र 1913 मध्ये मांडणारा फोर्ड हॅरिस वेस्टिंगहाऊसमध्ये नोकरी करणारा अभियंता. रांगांचं गणित 1909 मध्ये सुरू झालं ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत, कारण किती लाइन टाकल्या म्हणजे ग्राहक ताटकळणार नाही हे एरलांगला काढायचं होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाला 'जहाजांचे काफिले मोठे करा, नुकसान कमी होईल' हे आकडेवारीने पटवणारा पॅट्रिक ब्लॅकेट भौतिकशास्त्रज्ञ. काफिला मोठा झाला की राखायचा घेर त्या मानाने थोडाच वाढतो, हे त्यामागचं साधं कारण. याच ब्लॅकेटने स्वातंत्र्यानंतर भारत सरकारला संरक्षणावर सल्ला दिला. या यादीत एमबीए एकही नाही. हे सगळं तांत्रिक माणसांनी तांत्रिक अडचणीतून काढलं, मग ते बिझनेस स्कूलमध्ये गेलं आणि इंजिनिअरिंगला उरली ती चौदा तत्त्वं. पवईला 1963 मध्ये औद्योगिक अभियांत्रिकीसाठी उभी राहिलेली नीटीसुद्धा 2023 पासून आयआयएम मुंबई म्हणून ओळखली जाते. गंगा कुठल्या दिशेने वाहतेय ते यावरून कळावं.

आपल्याकडचं उदाहरण तर घरातलंच आहे. विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले, तेव्हा त्यांची सुरुवातीची नेमणूक नाशिकला होती. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. लाभक्षेत्राचे ठरावीक तुकडे पाडायचे, त्यांत पिकांची फेरपालट ठरवून द्यायची आणि पाळीपाळीने पाणी सोडायचं, म्हणजे उसावाल्या मोजक्या गावांनीच सगळं पाणी पिऊन टाकू नये. कालवा तोच, पाणी तेवढंच, बदलला तो वाटपाचा निर्णय. 15 सप्टेंबरला, त्यांच्या जयंतीला, सगळी कॉलेजं त्यांच्या फोटोला हार घालतात. भाषणांत धरणं येतात, खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे येतात, ब्लॉक पद्धत क्वचितच येते.

आता प्रत्यक्ष वर्गात काय घडावं ते सांगतो, कारण 'प्रॅक्टिकल शिकवा' असं म्हणून कुणाचंही भागतं.

लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या बाजार समितीतला, मालासकट गाडी तोलणारा भुईकाटा घ्या. समजा एका काट्यावर तासाला सरासरी 20 गाड्या वजन होऊन निघतात. तासाला 16 ट्रॅक्टर-पिकअप येत असतील, येण्याच्या वेळा आणि वजनाला लागणारा वेळ बेभरवशाचे असतील, तर साध्यात साध्या रांगेच्या गणिताने काट्यावर सरासरी 4 गाड्या असतात आणि शेतकऱ्याचा सरासरी 15 मिनिटं वेळ जातो. आवक थोडी वाढून 18 झाली की 9 गाड्या आणि अर्धा तास. 19 झाली की 19 गाड्या आणि पूर्ण तास. 16 वरून 19 म्हणजे आवक वीस टक्क्यांनीही वाढली नाही, थांबणं मात्र चौपट झालं. काटा अजूनही तासातली तीन मिनिटं रिकामाच आहे, म्हणून समितीचा कर्मचारी म्हणणार, 'काट्याची काय अडचण नाही, गर्दीच जास्त झाली.' ताटकळणारा शेतकरी आणि हा कर्मचारी, दोघंही खरं बोलतायत. ही वक्ररेषा ज्याने एकदा स्वतः काढली, तो 'यंत्रणा 95 टक्के वापरात आहे' या वाक्याला पुन्हा टाळ्या वाजवणार नाही. कारखान्याच्या मशिनला, सिव्हिल हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीला आणि संगणकाच्या सर्व्हरला हीच रेषा लागू पडते. म्हणून विषय सगळ्या शाखांना हवा.

पण सूत्र फळ्यावर लिहून थांबायचं नाही. चार मुलांनी मोबाइलमधलं घड्याळ घेऊन काट्यापाशी उभं राहायचं आणि गाडी कधी आली, कधी चढली, कधी उतरली हे टिपायचं. मग त्यांना कळेल की आवक सूत्राला हवी तशी विखुरलेली नसते. सकाळी लिलावाआधी एकदम लोंढा येतो आणि दुपारी काट्यावरचा माणूस चहा पीत असतो. सलग सुट्ट्यांनंतर बाजार उघडला की रांग रस्त्यावर. इथे सूत्र अपुरं पडतं, संगणकावर नक्कल करून बघावी लागते. आणि मग खरा प्रश्न समोर येतो: दुसरा काटा घ्यायचा, की गाड्यांना वेळेची टोकनं द्यायची? टोकन स्वस्त आहे, पण चांदवडहून निघालेल्या शेतकऱ्याला साडेनऊची वेळ देऊन तो साडेनऊला पोचेल का? लवकर लागलेल्या लिलावात भाव बरा मिळतो असं त्याला वाटत असेल तर तो टोकन पाळेल का? एवढं सगळं एका काट्यात दडलंय. फेयोलच्या चौदा तत्त्वांत ते कुठे सापडत असेल तर मला दाखवा.

आणि जिथे ऑपरेशन्स रिसर्च शिकवला जातो तिथेही गाडी भलत्याच ठिकाणी अडते. मर्यादेत राहून सर्वोत्तम वाटप काढायची सिम्प्लेक्स पद्धत डँट्झिगने 1947 मध्ये काढली. तेव्हा हाताने कोष्टकं सोडवण्यावाचून इलाज नव्हता. आज एक्सेलमधला सॉल्व्हर ते काम पापणी लवायच्या आत करतो आणि फुकटची पायथन पॅकेजेस हजारो चलांचं (काढायच्या अज्ञात आकड्यांचं) गणित पेलतात. आपण मात्र अजून परीक्षेत तीन-तीन कोष्टकं करायला लावतो, दुसऱ्या कोष्टकात वजाबाकी चुकली की मार्क कापतो. प्रश्नही शिजवून, वाढून दिलेला असतो: एक कंपनी अ आणि ब अशी दोन उत्पादनं बनवते, नफा अमुक, मशिनचे तास तमुक. बाहेरच्या जगात असा प्रश्न कुणी हातात देत नाही. बाहेर माणूस नुसता म्हणतो, 'माल सुटत नाहीये.' त्यातून चल कुठले, मर्यादा कुठल्या, कमी काय करायचं, जास्त काय करायचं हे उपसून काढणं म्हणजे मांडणी. तिला मार्क नाहीत.

पेपरात हवा तो प्रश्न साधारण असा: दिंडोरीतल्या एका द्राक्ष पॅकहाऊसकडे दिवसाची आवक ठाऊक आहे, प्रीकूलिंगची, म्हणजे माल आधी थंड करायची, जागा मर्यादित आहे, पॅकिंगच्या बायका अमुक इतक्या आहेत. निर्यातीच्या प्रतीचा माल कंटेनरमध्ये जाईल, उरलेला देशी बाजारात किंवा बेदाण्याला. उद्या पाऊस येण्याची शक्यता आहे. मांडणी करा, 10 गुण. तुम्ही काय गृहीत धरलंत आणि ते कुठे फसेल, 4 गुण. उत्तर काढायला शून्य गुण. असा पेपर तपासायला अवघड जाईल, कारण दोन मुलांची मांडणी वेगवेगळी असूनही दोन्ही बरोबर असू शकतील. तपासनिसाला वाचावं लागेल. त्यावर माझ्याकडे तोडगा नाही, वाचावंच लागेल.

साठ्याच्या सूत्राचंही तेच. हॅरिसचं वर्गमूळ मुलांना पाठ असतं. त्यातली मजा मात्र कुणी सांगत नाही. सर्वोत्तम ऑर्डर 500 नगांची असताना तुम्ही 1000 मागवलेत, तर ऑर्डर देण्याचा आणि साठा सांभाळण्याचा मिळून खर्च वाढतो फक्त 25 टक्के. 750 मागवलेत तर जेमतेम 8 टक्के. म्हणजे आकडा दशांशापर्यंत अचूक काढण्यात अर्थ नाही, अंदाज बरा असला की पुरतं. अंबडच्या व्हेंडरला हे ठाऊक नसतं, म्हणून तो एक तर सूत्राला हसतो नाहीतर सल्लागाराला पैसे मोजतो.

तिसरं उदाहरण जड आहे, पण नाशिकमध्ये बसून ते टाळणं बरं नव्हे. 27 ऑगस्ट 2003 ला कुंभमेळ्यातल्या शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले. गर्दीचं गणित आता चांगलं अभ्यासलेलं आहे. सपाट वाटेवर, एक मीटर रुंदीतून, मिनिटाला सुमारे 80 माणसं सुरक्षितपणे जाऊ शकतात. सहा मीटरची गल्ली धरली तर मिनिटाला 480, तासाला 29 हजारांच्या आत. एक लाख माणसं त्या गल्लीतून काढायची तर साडेतीन तास लागणार, मग बंदोबस्त कितीही कडक असो. त्याहून महत्त्वाचं असं की दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की प्रवाह वाढत नाही, उलट घटतो. मागून रेटा वाढला की पुढून बाहेर पडणारी माणसं कमी होतात. पाण्याचा पाइप शिकलेला मुलगा इथे हमखास फसतो, कारण पाइपात दाब वाढवला की पाणी जास्त येतं. त्यात आखाड्यांच्या मिरवणुकीसाठी वाट मोकळी ठेवायची, म्हणजे ठरावीक वेळ सामान्यांचा प्रवाह शून्य. या मर्यादा श्रद्धेच्या आणि परंपरेच्या आहेत, त्या हलवता येत नाहीत. गणिताने त्यांच्या आत राहूनच काम करायचं.

2015 च्या कुंभाआधी एमआयटी मीडिया लॅबमधले मूळचे नाशिकचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने इथे 'कुंभथॉन' झाला. शहरातली मुलं, डॉक्टर, अधिकारी एकत्र बसले आणि त्यातून वरून पाऊल पडलं की माणूस मोजणाऱ्या चटईसारख्या कल्पना निघाल्या. चांगलं झालं. पण तो उत्सवी उपक्रम होता, स्वेच्छेने आलेल्यांचा. 2027 चा सिंहस्थ तोंडावर असताना नाशिकच्या परिसरातल्या, पंचवटीपासून आडगाव, त्र्यंबक रोड, एकलहऱ्यापर्यंतच्या सगळ्या कॉलेजांत मिळून हजारो मुलं तिसऱ्या वर्षाला असतात. त्यांना एक-एक गल्ली, एक-एक पार्किंग, एक-एक बसथांबा वाटून दिला असता तर शहराचा नकाशा मोजून झाला असता. तेवढ्याच वेळात आपण त्यांच्याकडून स्वॉट अ‍ॅनालिसिसच्या फायली लिहून घेतो. सबमिशनच्या आठवड्यात त्या झेरॉक्सच्या दुकानासमोर ढिगाने पडलेल्या असतात.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, हा गणित म्हणजे रामबाण समजणारा माणूस दिसतो. तसं नाही. या शास्त्राचं एक अंग धोक्याचं आहे, आणि तेही शिकवायलाच हवं. काय जास्तीत जास्त करायचं, हे गणित ठरवत नाही. ते कोणीतरी आधी ठरवून गणिताच्या हातात देतं. आमच्या क्षेत्रात 'ऑप्टिमायझेशन' हा शब्द ऐकला की कंत्राटी कामगारांच्या पोटात गोळा येतो, कारण मर्यादेच्या रकान्यात त्यांचा ओव्हरटाइम असतो आणि उद्दिष्टाच्या रकान्यात त्यांच्याबद्दल काहीच नसतं. पोरांना हे विचारायची सवय लागली पाहिजे: हे उद्दिष्ट कोणी लिहिलं?

नाशिकच्या गंगापूर-दारणा धरणांचं पाणी खालच्या जायकवाडी धरणाला सोडण्याचा वाद घ्या. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं, मेंढेगिरी समितीच्या सूत्राने जायकवाडीतल्या 65 टक्के साठ्याचा उंबरठा (त्याखाली साठा असेल तर वरून पाणी सोडायचं) पुढे आणला, आणि पाऊस कमी झाला की त्या वर्षी ऑक्टोबरात नाशिक विरुद्ध मराठवाडा हे नाटक उभं राहतं. नाशिकच्या मुलाला द्राक्षबागायतदाराचं उद्दिष्ट घालून हे गणित सोडवू द्या. मग त्यालाच पैठणच्या शेतकऱ्याचं उद्दिष्ट घालून पुन्हा सोडवायला लावा. दोन उत्तरं येतील, दोन्ही 'सर्वोत्तम'. त्याच तासाला त्याला ओझर-दिंडोरी भागातल्या वाघाड प्रकल्पाची गोष्ट सांगा. तिथे शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांनी पाणी मोजून, घनमापन पद्धतीने वाटून घेतलं. कुठल्याही सॉल्व्हरशिवाय त्यांनी उद्दिष्ट काय असावं हा सर्वांत अवघड भाग एकत्र बसून सोडवला. ही गोष्ट मी व्यवस्थापनशास्त्राच्या पहिल्या प्रकरणात घातली असती.

आक्षेपांकडे येतो. विषय आधीच फार आहेत, हे खरं. म्हणून मी नवा विषय मागत नाही, असलेल्याची अदलाबदल मागतोय. कंपन्या मुलाखतीत कोडिंग विचारतात, हेही खरं. पण कोडिंग करून सोडवायचं काय, हे विचारणाऱ्या कंपन्याही आहेत आणि त्या पगार बरा देतात. एआय सगळं करून देईल म्हणतात. कोष्टकं तर ते आजच करून देतं. भुईकाट्यापाशी सकाळी उभं राहून 'इथे अडचण काट्याची नाही, लिलावाच्या वेळेची आहे' हे ओळखायला मात्र तिथे जावं लागतं.

शिकवणार कोण, हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. निम्मा स्टाफ तासिका तत्त्वावर, ज्यांना स्वतःलाच हा विषय व्याख्यांतून मिळालेला. मेकॅनिकलचा एक, गणिताचा एक आणि बाहेरचा एक असं मिळून शिकवायला हरकत नाही. यूजीसीने 2022 मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची सोय केली आहे, पीएचडी नसलेला अनुभवी माणूस वर्गात आणता येतो. निमा आणि आयमा या आपल्या उद्योजक संघटनांकडे असे निवृत्त नियोजन अधिकारी ओळखीचे असणारच, त्यांतले काही घरी नातवंडांना पाढे शिकवत असतील. त्यांना आठवड्याला दोन तास द्या. अडचणी तेच घेऊन येतील.

खर्चाचं म्हणाल तर जवळजवळ काही नाही. संगणकाची लॅब आहे, सॉल्व्हर फुकट आहे, लासलगावला एसटी जाते. अडतं ते पत्रावर. मुलांना बाजार समितीत, सिटीलिंक शहर बसच्या डेपोत किंवा हॉस्पिटलात उभं राहून नोंदी घ्यायच्या तर कॉलेजचं पत्र लागतं, आणि ते प्राचार्यांच्या सहीने जावं की विभागप्रमुखांच्या, यावरच पहिलं सत्र निघून जातं. जूनमध्ये वेळापत्रक लागायच्या आधी तेवढं एक पत्र टाइप करून ठेवा.